छातीत कळ आली तर खोकत बसू नका

वाडीच्या, भजनी मंडळाच्या आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा येत राहतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "हृदय हा कधीही विश्रांती न घेणारा पंप आहे. हार्ट अटॅक आला की तो बंद पडतो आणि तुमच्या हातात फक्त १० सेकंद उरतात. जोरजोरात खोका, खोकल्याने हृदय दाबले जाते. गरम पाण्यात चमचाभर लाल तिखट घालून प्या, अटॅक मिनिटात थांबतो. सॉर्बिट्रेट कायम खिशात ठेवा. ईसीजी नॉर्मल आला तर समजा पित्त आहे. रोज उपाशीपोटी कोकमाचे आगळ घ्या, ब्लॉकेज विरघळतात. आणि गावच्या रुग्णालयात वेळ न घालवता थेट कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठा."

पाठवणाऱ्याची तळमळ खरी असते. पण हा मेसेज वाचणारा माणूस देवगडच्या किंवा गुहागरच्या एखाद्या वाडीत असेल, तर अँजिओप्लास्टीची, म्हणजे बंद धमनी आतून फुग्याने उघडण्याची, सोय त्याच्यापासून काही तासांवर असू शकते. अशा ठिकाणी चुकीच्या उपायात गेलेली वीस मिनिटे पुढे कुठेच भरून निघत नाहीत. म्हणून मेसेजमधले एकेक विधान घेऊ.

"हृदय कधीही विश्रांती घेत नाही"

घेते. प्रत्येक ठोक्यानंतर घेते, आणि अटॅकच्या वेळी काय करावे, काय टाळावे, हे बरेचसे या विश्रांतीवरूनच ठरते.

मिनिटाला ७० ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला साधारण ०.८५ सेकंद येतात. त्यातले सुमारे ०.३ सेकंद हृदयाचे खालचे दोन कप्पे, म्हणजे जवनिका, आवळलेले असतात. उरलेला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ ते सैल पडलेले असतात आणि पुढच्या ठोक्यासाठी भरत असतात. आवळताना डावी जवनिका सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत लोटते. असे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त फिरते, म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे.

हे एवढे रक्त आतून वाहत असले तरी हृदयाचा जाड स्नायू त्यातून आपली भूक भागवू शकत नाही. त्याची रसद वेगळी येते. महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या लगेच वर, तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या दोन कोरोनरी धमन्या फुटतात आणि हृदयाच्या बाहेरून पसरत आत शिरतात. डावी जवनिका आवळते तेव्हा तिच्या स्नायूतून जाणाऱ्या या धमन्यांच्या बारीक फांद्याही दाबल्या जातात. त्यामुळे शरीराला रक्त मिळते ते हृदय आवळताना, पण डाव्या जवनिकेच्या स्वतःच्या स्नायूला ते मुख्यतः मिळते हृदय सैल पडल्यावर. ठोके ७० वरून १४० वर गेले की आवळण्याचा वेळ थोडाच घटतो, विश्रांतीचा मात्र निम्म्याहून अधिक. काम दुप्पट आणि जेवायला वेळ अर्धाही नाही.

त्यात हृदयाला राखीव शिल्लक फारशी नसते. हातापायांचे स्नायू विसावलेले असताना रक्तातल्या प्राणवायूचा साधारण चौथा हिस्सा घेतात, गरज पडली की जास्त घेतात. हृदय एरवीच ७० टक्क्यांच्या आसपास काढून घेते. त्याला अधिक प्राणवायू हवा असेल तर अधिक रक्तच यायला हवे, आणि अटॅकमध्ये नेमकी तीच वाट बंद झालेली असते. अशा वेळी आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: हृदयाचे काम कमी ठेवणे आणि धमनी लवकरात लवकर उघडून घेणे. मेसेजमधल्या प्रत्येक उपायाला हे दोन प्रश्न विचारून बघा.

"अटॅक आला की हृदय बंद पडते, १० सेकंद उरतात"

इथे दोन वेगळ्या आजारांची गल्लत आहे. हार्ट अटॅक म्हणजे कोरोनरी धमनीत गुठळी अडकणे. हृदय चालूच असते, माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घामाने डबडबतो, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते म्हणून सांगतो. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाच्या विजेचा घोटाळा. उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्याशा गाठीतून मिनिटाला ६० ते १०० वेळा निघणारा इशारा नीट पोचला तर सगळा स्नायू एका तालात आवळतो. तो ताल फुटला की स्नायू नुसता थरथरतो, रक्त पुढे जात नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणजे मेसेजमधले १० सेकंद खरे आहेत, पण ते दुसऱ्या आजाराचे.

अटॅकमध्ये धमनी पूर्ण बंद झाल्यावर स्नायू मरायला साधारण वीस मिनिटांनी सुरुवात होते. मरण आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे सरकत जाते आणि त्याला काही तास लागतात. या तासांतच सगळे उपचार बसतात. माणूस १० सेकंदांत संपणार असे समजून घरच्यांनी हंबरडा फोडला, तर हे तास वापरणारे कुणी उरत नाही.

दोन्ही आजारांचा संबंध मात्र आहे. रक्तावाचून तडफडणाऱ्या स्नायूत विजेचा ताल बिघडू शकतो, आणि अटॅकमधले बरेच मृत्यू पहिल्या तासाभरात असेच होतात. म्हणून अशा माणसाला एकटे ठेवू नये. दुचाकीवर मधे बसवून तर अजिबात नेऊ नये.

"जोरजोरात खोका"

ही कल्पना हवेतून आलेली नाही. १९७६ साली क्राइली या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, टेबलावर मॉनिटर लावलेला असताना, तीन रुग्णांच्या हृदयाचा ताल अचानक फुटला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते लयीत खोकत राहिले आणि २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. खोकल्याने छातीच्या पोकळीतला दाब वाढतो आणि थोडे रक्त पुढे ढकलले जाते, इतकाच त्याचा अर्थ. तेवढ्या वेळात शॉकचे यंत्र सज्ज होते, म्हणून त्याचा उपयोग झाला.

घरी काय होते? अटॅक आलेल्या माणसाचे हृदय चालू असते, त्याला बाहेरून दाबण्याची गरजच नसते. जोरात खोकल्याने रक्तदाब आणि ठोके वर जातात, धाप लागते, उलटीची उबळ येते, आणि फोन करायची मिनिटे जातात. उलट ज्याचे हृदय खरोखर थांबले आहे तो बेशुद्ध असतो, तो खोकणार कसा? सामान्य माणसाने करायच्या प्रथमोपचारांत अमेरिकन हार्ट असोसिएशनही खोकल्याचा सल्ला देत नाही.

बेशुद्ध माणसासाठी खोकल्याची जागा दुसऱ्याच्या हातांनी घ्यायची असते. खांद्यावर थोपटून हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसा तोंड उघडझाप करतो तसे तुटक आचके आहेत, तर हृदय थांबले आहे असे समजा. आचक्यांना "अजून श्वास आहे" समजून थांबणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने माणसाला खाटेवरून, झोपाळ्यावरून खाली जमिनीवर घ्यावे. गादीवर छाती दाबली तर गादीच दबते. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या, म्हणजे मधल्या उभ्या हाडाच्या, खालच्या अर्ध्यावर तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. छाती वर आली तरच हृदय भरते, आणि त्याच क्षणी कोरोनरी धमन्यांत रक्त शिरते. थकल्यावर दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक फरक महत्त्वाचा. समुद्रात, खाडीत किंवा विहिरीत बुडालेल्या माणसाचे हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबलेले असते. तिथे नुसती छाती दाबून भागत नाही. आधी नाक चिमटून तोंडाने श्वास द्यायचे, मग ३० दाब आणि २ श्वास असे चालू ठेवायचे. पोट दाबून पाणी काढायच्या नादाला लागू नये. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाते.

"लाल तिखट गरम पाण्यात"

मिरचीतले कॅप्सेसिन जिभेला आणि जठराला झोंबते. कोरोनरी धमनीत बसलेली गुठळी ते विरघळवत नाही. तिखटाने ठसका लागतो, ठोके वाढतात, उलटी होते. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात हे पाणी ओतले तर ते फुफ्फुसात जाते. याहून जास्त बोलण्यासारखे यात काही नाही.

"सॉर्बिट्रेट कायम खिशात ठेवा"

हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त धोक्याचा. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली की शिरा सैल होतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, भार हलका होतो आणि कळ उतरते. ज्यांना एन्जायनासाठी, म्हणजे श्रम केल्यावर छातीत येणाऱ्या कळेसाठी, डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे त्यांनी ती बसून घ्यावी, उभ्याने नाही. पण ती गुठळी फोडत नाही. रक्तदाब आधीच कमी असेल तर ती तो आणखी पाडते. अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल तर ती बाजू परत येणाऱ्या रक्तावरच तगून असते; गोळीने ते रक्त कमी झाले की माणूस गारठून कोसळू शकतो. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतले असेल तर २४ तास, टाडालाफिल असेल तर ४८ तास ही गोळी चालत नाही, आणि ही माहिती रुग्ण घरच्यांसमोर सांगत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातली सॉर्बिट्रेट देऊ नका.

घरात ठेवायची गोळी ॲस्पिरिन. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. अटॅकचा संशय येताच सुरू केलेल्या १६० मिलिग्रॅमच्या आसपासच्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. ती रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे गुठळी वाढायची थांबते. मात्रा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास: इकोस्प्रिन ७५ च्या चार गोळ्या, किंवा १५० च्या दोन. त्या चावून खायच्या. आतड्यात विरघळावी म्हणून गोळीवर वेष्टण असते, अख्खी गिळली तर काम सुरू व्हायला उशीर होतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्ताची उलटी, काळी शौच, किंवा चेहरा वाकडा होऊन एक बाजू लुळी पडणे यांपैकी काही असेल तर देऊ नये. कोणती गोळी, किती आणि किती वाजता दिली, हे लिहून ठेवावे.

"ईसीजी नॉर्मल म्हणजे पित्त"

कोकणात हा समज मेसेजच्या आधीपासून आहे. जेवल्यावर छातीत जळजळले की पित्त, सोडा, इनो, ओवा, आणि रात्र काढायची. पोटाच्या वरच्या भागातली कळ हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकचीही असते, त्यात ढेकर आणि मळमळही असते. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रियांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, गळून जाणे किंवा गार घाम एवढेच दिसू शकते. इनो घेतल्यावर बरे वाटले यावरून हृदय ठीक आहे असे ठरत नाही.

पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. तो त्या दहा सेकंदांचा फोटो आहे. कळ चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढावा लागतो. ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात तपासतात; ते हृदयाच्या स्नायूच्या पेशी फुटल्यावर बाहेर येते आणि वाढायला काही तास घेते, त्यामुळे कळ सुरू झाल्यावर तासाभरात केलेली तपासणी नॉर्मल आली तरी ती पुन्हा करायला सांगितली जाते. डॉक्टर पुन्हा ईसीजी काढतात तेव्हा "आधी काढला ना" म्हणून घरी निघू नका.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला "गॅसचे" म्हणून कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नका. पुढच्या तासाभरात गुठळी विरघळवणारे औषध द्यावे लागले तर सुई टोचलेल्या स्नायूत रक्तस्राव होतो. त्या इंजेक्शनात डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक असेल तर अटॅकमध्ये ते स्वतःच घातक आहे.

"कोकमाच्या आगळाने ब्लॉकेज विरघळतात"

कोकम आपल्या परसातले आहे, सोलकढीशिवाय जेवण पुरे वाटत नाही, आणि त्याच्याबद्दल वाईट बोलायचे कारण नाही. पण ब्लॉकेज म्हणजे चुलीच्या धुराड्यात साठलेली काजळी नव्हे, की आंबट ओतले आणि निघाली. चरबीचा थर धमनीच्या आतल्या अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत साठतो, त्यात पेशी आणि कॅल्शियम असते, वरून एक पातळ पापुद्रा असतो. पापुद्रा फाटला की त्यावर काही मिनिटांत गुठळी जमते आणि अटॅक येतो. बऱ्याचदा हा थर त्याआधी धमनी अर्धीही अडवत नसतो, म्हणून महिन्यापूर्वी डोंगर चढलेल्या माणसालाही अटॅक येतो. पापुद्रा बळकट करण्याचे आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी करण्याचे काम स्टॅटिन हे औषध करते.

आगळ म्हणजे कोकमाचा रस; तो टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. आपल्याकडे सुकट, खारवलेला बांगडा, लोणचे आणि पापड यांतच तो हिशेब पुरा होतो. रक्तदाबाच्या किंवा हृदय कमजोर झालेल्या रुग्णाने रोज आगळ घेतले तर पायावर सूज आणि रात्री धाप वाढते. अमृत कोकम, म्हणजे कोकमाचे गोड सरबत, घेतले तर मिठाऐवजी साखर. घ्यायचेच तर साधी आमसुले धुऊन भिजवलेले पाणी घ्या, चवीसाठी.

खरा धोका त्याच्या पुढे आहे: आगळ सुरू केले म्हणून गोळ्या बंद करणे. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होते. आणि ब्लॉकेजची एवढी काळजी असेल तर घरातली मशेरी, चुना-तंबाखू आणि विडी आधी बंद करा.

"थेट कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठा"

हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे. अटॅकचे निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच उत्तम. कोकणातल्या बहुतेक गावांतून हे गणित जमत नाही. पावसाळ्यात आंबा, करूळ किंवा कुंभार्ली घाटात दरड आली की अजिबात नाही. अशा वेळी गुठळी विरघळवणारे औषध जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी द्यायचे आणि मग पुढे निघायचे. अशा औषधांपैकी टेनेक्टेप्लेज वजनानुसार शिरेतून एका दमात दिले जाते. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, अर्धा ते एक तास सलाईनमधून. कळ सुरू झाल्यापासून पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सगळ्यात चांगला, १२ तासांपर्यंत देता येते. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असणे, अलीकडचे ऑपरेशन किंवा पक्षाघात, चालू रक्तस्राव असेल तर देत नाहीत; हे डॉक्टर विचारतील तेव्हा काहीही लपवू नका. आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात ईसीजी रात्रीही निघतो आणि हे औषध ठेवलेले असते, एवढे आजच जाऊन विचारून घ्या.

१०८ लावताना तालुका, गाव, वाडी आणि ओळखीची खूण सांगा, "छातीत दुखते आहे, घाम आहे" हे शब्द वापरा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन तिठ्यावर उभा करा. घर पाखाडीच्या खाली असेल तर रुग्णाला पायऱ्या चढवू नका. चार पायांची खुर्ची घ्या, त्याला पाठ टेकून बसवा, कमरेला साडी किंवा पंचा बांधा आणि चौघांनी उचला. ज्याला शंभर पायऱ्या चढवल्या त्याच्या हृदयाची विश्रांती आपणच हिरावून घेतली. समुद्रात होडीवर कुणाला कळ आली तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे. ॲस्पिरिन होडीवरच्या औषधांच्या डब्यातही असावी.

औषध दिल्यावर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढतात. अटॅकमुळे ईसीजीत वर उचललेली रेघ निम्म्याहून खाली आली आणि कळ गेली तर धमनी उघडल्याचे लक्षण. तरीही पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी करावी लागते. रेघ खाली आली नाही तर मोठ्या रुग्णालयात लगेच. म्हणून औषध सुरू असतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन व्हायला हवा. गाडीत रुग्णाबरोबर चार गोष्टी असू द्या: दोन्ही ईसीजी, कळ किती वाजता सुरू झाली ती वेळ, औषध किती वाजता दिले ती वेळ, आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी जशी आहे तशी. ईसीजीचा थर्मल कागद उन्हात आणि डॅशबोर्डच्या उष्णतेत काळा पडतो, म्हणून निघण्यापूर्वी त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि पुढच्या डॉक्टरांना रुग्ण पोचण्याआधीच पाठवा.